रिकाम्या विमानाचं वजन

वयाबद्दल खोटं बोलायला माणसाला नुसतं तोंड पुरतं. वजनाबद्दल खोटं बोलायचं तर काटा चुकवावा लागतो, आणि आमच्या कंपनीत तो चुकत नसे. राजधानी तेगुसिगाल्पाहून, म्हणजे आमच्या तेगुसहून, पूर्व किनाऱ्यावरच्या जंगली मोस्कितियाकडे जाणाऱ्या प्रत्येक उतारूला, हातात असेल त्या सामानासकट, आम्ही लोखंडी काट्यावर उभं करत असू. काटा मुळात कॉफीच्या पोत्यांसाठी बनवलेला. त्याच्या तबकडीवर कॉफीच्या फांदीचं पुसट चित्र होतं. आमदार, नन, कोंबड्या घेऊन निघालेल्या बायका, सगळे त्यावर चढत आणि पोट आत घेत. मी आकडा वाचायचो, कार्डावर लिहायचो, वजनपत्रकात मांडायचो, बेरीज करून वैमानिकाला द्यायचो. एवढ्यासाठी मी विद्यापीठात पाच वर्षं अर्थशास्त्र शिकलो होतो.

पदवी असलेल्या माणसाला आमच्याकडे लिसेन्सियादो म्हणतात, घाईत असले तर नुसतं 'लिस'. मला हमालही लिस म्हणत. "लिस, या बोकडाचं वजन शिंगांसकट धरायचं का?"

कंपनीचं अधिकृत नाव लांबलचक होतं आणि दर लष्करी उठावानंतर थोडं बदलायचं. विमानावर रंगवायला रंग पुरत नसे, म्हणून जुन्या नावाची शेवटची अक्षरं नव्या नावात बसवून घ्यायची, असा संकेत होता. लोक तिला 'ला नुएस्त्रा' म्हणत, म्हणजे 'आपली'. घरातल्या पिणाऱ्या मामाला आपण ज्या सुरात 'आपलाच आहे' म्हणतो, त्या सुरात. ती निघाली तेव्हा देशात रस्ते नव्हते, म्हणून विमानं आणली. विमानं आली म्हटल्यावर रस्त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही. मोस्कितियाला आजही रस्ता जात नाही.

त्या बाजूला दर गुरुवारी सकाळी नऊला एक डाकोटा जायचं. महायुद्धात सैनिक वाहून थकलेलं विमान. ते पुएर्तो लेम्पिराला उतरायचं, गावाच्या मधोमध तांबड्या मातीच्या पट्ट्यावर, गाई हाकलून झाल्या की. तिथेही एक काटा होता, परतीच्या उतारूंसाठी. पण तिथल्या आयांनी त्याचा वेगळाच वापर सुरू केला होता. राजधानीत शिकायला गेलेलं पोर विमानातून उतरलं की आई त्याला आधी काट्यावर चढवायची. मिठी नंतर. आमचा तिथला माणूस पाद्र्याच्या आवाजात आकडा वाचायचा आणि अख्खा पट्टा ऐकायचा.

"गेलास तेव्हा अडुसष्ट होतास! तेगुसमध्ये काय हवा खात होतास?"

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. बघायला उरलंय काय तुझ्यात?"

ज्याचं वजन वाढलेलं असे त्याच्याबद्दल मात्र गावात शंका घेतली जायची.

चौऱ्याऐंशी सालच्या एका गुरुवारी माझ्या काट्यावर नाहून गोफ नावाचा मुलगा चढला. वैद्यकीय शिकत होता. खांद्यावर कॅनव्हासची बॅग.

"एकसष्ट," मी म्हणालो.

"पासष्ट लिहा ना, लिस. आई कार्ड बघते."

"काटा म्हणेल ते लिहायचं."

"तार केलीय मी तिला. 'गुरुवारी येतोय, वाळलोय, ओरडू नकोस.' पण ती ओरडणार. तुम्ही चला हवं तर माझ्याऐवजी. तुम्ही भरलेले आहात."

तो हसत विमानात जाऊन बसला. चौदा नंबरची सीट. मी वीस उतारूंची बेरीज केली, विमानाचा तोल मांडला आणि पत्रक कॅप्टन बुस्तियोच्या हातात दिलं. एक इंजिन सुरूही झालं. तेवढ्यात काळ्या काचांची, नंबर नसलेली गाडी विमानापाशी येऊन थांबली. दोन माणसं उतरली. एक जण वर गेला. मग नाहून खाली आला, त्याचे दोन्ही हात पाठीमागे होते. उरलेले एकोणीस उतारू त्या वेळी पलीकडच्या खिडक्यांतून बाहेर बघत होते. तिकडे इंधनाचं एक रिकामं पिंप होतं.

दुसरा माणूस कॅप्टनकडून पत्रक घेऊन माझ्याकडे आला. बोलायला सभ्य होता. "हे नाव काढून टाका. खोडरबर आहे ना?"

होतं. माझंच होतं. मी ती ओळ खोडली. पण बेरीज आणि तोल नव्याने मांडायचा तर दहा मिनिटं गेली असती, आणि कॅप्टन खिडकीतून माझ्या आईचा उद्धार करत होता. मी बेरीज तशीच ठेवली. सभ्य माणसाने कागद पाहिला, मान हलवली. त्याला गणित येत नसावं. नावं एकोणीस आणि वजन वीस जणांचं, अशा पत्रकावर मी सही केली, आणि विमान उडालं.

ते एकसष्ट किलो नुसते कागदावर उडाले, असा माझा समज होता.

पुढच्या आठवड्यात कॅप्टन बुस्तियो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. हा माणूस तेगुसच्या आखूड धावपट्टीवरून, समोर डोंगर असताना, वीस वर्षं विमान उचलत होता. विमानाचं वजन त्याला कमरेत कळायचं.

"लिस, तू माझ्यापासून काय लपवतोयस?"

"काही नाही, कॅप्टन."

"गुरुवारचं विमान उठायला उशीर करतंय. फार नाही. एका माणसाइतका."

हँगरमध्ये चाकांखाली काटे ठेवून रिकामं विमान तोललं. एकसष्ट किलो जास्त भरलं. मुख्य मेकॅनिक म्हणाला, रंग असणार. रंग खरवडून काढला. एकसष्ट. दमट हवा असणार, म्हणून आठवडाभर उन्हात ठेवलं. एकसष्ट. शेवटी तांत्रिक विभागाची बैठक भरली, कॉफी झाली, आणि ठराव मंजूर झाला: 'रिकाम्या विमानाचं वजन' या रकान्यात एकसष्ट किलो वाढवावेत. अडचण सोडवायची आमच्या देशात ही सर्वमान्य रीत आहे. त्या दिवसापासून सगळे हिशेब जुळले. मेकॅनिक त्या विमानाला 'ला गोर्दा' म्हणू लागले, म्हणजे 'जाडी'.

आमची हवाई सुंदरी सोबेयदा दारात उभी राहून बोटाने डोकी मोजायची. त्या विमानात दर वेळी एक जास्त भरायचं. ती तीनदा मोजायची आणि मग कागदावरचा आकडा लिहायची. एकदा मला म्हणाली, "लिस, चौदा नंबरवर मी कुणाला बसवत नाही हल्ली."

"का?"

"उतरल्यावर त्या सीटचा पट्टा लावलेला असतो. मी सोडते, पुढच्या खेपेला परत लावलेला. आणि घट्ट असतो हो, बारीक कमरेला लावावा तसा."

"कुणाला बोललीस?"

"तुम्हालाच. तुम्हाला नवल वाटणार नाही असं वाटलं."

मी म्हणालो, पट्टा जुना झालाय, बदलून घेऊ. बदलला. नवाही लावलेला सापडू लागला.

त्या सभ्य माणसाचं नाव एवेलिओ, मानाने दोन एवेलिओ; पुरुषाला 'दोन' आणि बाईला 'दोन्या' लावायची आमच्याकडे रीत आहे. दोन वर्षांनी तो आमच्याच कंपनीत सुरक्षाप्रमुख म्हणून आला. दर नाताळला माझ्या घरी एक भाजलेली टर्की पाठवायचा. मी ती खाल्ली. चांगली असायची.

नाहूनची आई दोन्या इस्मेल्दा दर गुरुवारी पट्ट्यावर यायची. काट्याच्या शेजारी, कापडात गुंडाळलेला नारळाचा पाव घेऊन. सगळे उतरले की सोबेयदाला विचारायची, "तो उतरला का?" पार्सलबद्दल विचारावं तसं. मंत्रालयाने तिला एक पत्र पाठवलं होतं. उतारूंच्या यादीत सदर इसमाचं नाव नाही, म्हणजे सदर इसम निघालाच नाही, आणि निघालाच नाही तर वाटेत नाहीसा होण्याचा प्रश्न येत नाही. तो स्वखुशीने मेक्सिकोला गेला असावा. सोबत यादीची नक्कल, खाली माझी सही.

तिला एवढंच हवं होतं, की तो त्या विमानात चढला असं कुणीतरी लिहून द्यावं आणि मग त्याला उतरवावं. घरी यायला निघालेलं पोर तिला घरी आलेलं हवं होतं.

वर्षातून एकदा तिथला काटा तपासायला मी जायचो. ती पाव मोडून अर्धा मला द्यायची.

"लिस, त्या दिवशी तुम्हीच होतात ना काट्यावर?"

"होतो, दोन्या."

"तो रांगेत होता?"

"गर्दी होती, दोन्या."

"गर्दीतही दिसेल असा होता तो. उंच."

मी पाव खायचो.

सतरा वर्षं अशी गेली. मग सरकारला शोध लागला की 'आपली' कुणाचीच नाही, आणि कंपनी बंद करायचं ठरलं. सामान विकायला कास्तेयानोस नावाचा वकील नेमला. ला गोर्दाला परदेशातला एक खरेदीदार मिळाला. पर्यटकांना जुन्या विमानातून फिरवायचा त्याचा धंदा होता. त्याच्या माणसाने कारखान्याचा मूळ कागद काढला आणि विमान तोललं.

"हे एकसष्ट किलो काय आहेत?" वकिलाने मला विचारलं.

"रिकाम्या विमानाचं वजन, वकीलसाहेब."

"तेच विचारतोय. रिकाम्या विमानात एकसष्ट किलो काय आहे?"

सतरा वर्षांत हे असं सरळ कुणी विचारलं नव्हतं. तांत्रिक विभागाने हत्यारं आणली. विमानातल्या जमिनीच्या फळ्या उचकटल्या. खाली आंब्याच्या कोयी, एक जपमाळ, दातांची कवळी, ननचा चष्मा आणि कोंबड्यांची पिसं निघाली. दोन किलो भरली. ती काढून परत तोललं, तरी एकसष्टच जास्त.

"शुक्रवारी तो माणूस पुन्हा येतोय," वकील म्हणाला. "गुरुवारी तुमची शेवटची फेरी. भूत असेल तर तिकडेच उतरवून या!"

तो एकटाच हसला.

दुपारी उपाहारगृहात कॅप्टन बुस्तियो समोर येऊन बसला. मी बालेआदा खात होतो. चपातीत घट्ट घोटलेल्या घेवड्याचं सारण, आमचं रोजचं. त्याने माझ्या ताटातला अर्धा उचलला.

"लिस, गुरुवारनंतर मी निवृत्त. सतरा वर्षं मी एक माणूस यादीत नसताना नेतोय आणि आणतोय. त्याला पत्रकात लिही."

"कुणाला?"

"ते तुला माहीत. मला त्याचं फक्त वजन माहीत आहे."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर ला गोर्दा धावपट्टीवरच उभी राहील. चुकीच्या कागदावर मी पुष्कळ उडालो. शेवटची फेरी तरी नीट जाऊ दे."

गुरुवारी उतारू अकरा होते, शेवटच्या फेरीला निघालेला मी धरून. सगळ्यांना तोललं. मग मी 'रिकाम्या विमानाचं वजन' या रकान्यातून एकसष्ट वजा केले आणि खाली बारावी ओळ लिहिली: नाहून गोफ, सीट चौदा, एकसष्ट. बेरीज तीच आली. फक्त माणूस वेगळा निघाला. मग खाली सही केली.

शेवटच्या फेरीच्या फोटोत उभं राहायला दोन एवेलिओ आला होता. त्याने पत्रक उचललं. वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.

"हे कोण, लिस?"

"उतारू."

त्याने पत्रक परत टेबलावर ठेवलं. सभ्यपणेच. "नाताळ जवळ आलाय," तो म्हणाला.

"यंदा टर्की नको, दोन एवेलिओ. पचत नाही."

तेवढ्यात फोटोवाल्याने त्याला हाक मारली आणि तो हसरा चेहरा करून तिकडे गेला. कागद मी उचलला आणि सोबेयदाकडे देऊन विमानात चढलो.

विमानात सोबेयदाने दारात उभं राहून मोजलं. बोट एकदाच फिरवलं. बारा. तिने कागद पाहिला, पुन्हा मोजलं नाही, आणि आपल्या सीटवर जाऊन तोंड फिरवून बसली. मी पंधरा नंबरवर बसलो. शेजारचा पट्टा लावलेला होता. सीटचं रेक्झिन मधे दबलेलं होतं आणि विमान वळलं की त्यावरच्या सुरकुत्या एका बाजूला सरकायच्या, माणूस तोल सांभाळतो तशा. सोबेयदाने कॉफी आणली, न विचारता दोन पेले. दुसरा मी घेऊन धरून ठेवला. बाहेर लख्ख ऊन होतं. खाली जंगल, मग खारं पाणी. उतरायला लागलो तेव्हा पेल्यात कॉफी कमी झाली नव्हती, पण ती थंडगार पडली होती, बर्फात ठेवल्यासारखी. माझी अजून वाफाळत होती.

पुएर्तो लेम्पिराला अकरा जण उतरले. दोन्या इस्मेल्दा काट्यापाशी उभी होती. कंपनी बंद होतेय हे तिच्या कानावर आलं होतं, म्हणून ठेवणीतला झगा घातला होता. आज नाही उतरला तर पुढे कुठल्या विमानाची वाट बघायची, हा तिचा प्रश्न होता, आणि तो तिने मला विचारलाही.

मी तिला सगळं सांगितलं. रांग, काटा, गाडी, खोडरबर. पट्ट्यावरच्या गाई आणि माणसं ऐकत होती. ती पावाच्या कापडाची गाठ घट्ट करत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "किती वर्षं माझा पाव खाल्लास?"

"सतरा, दोन्या."

"चांगला होता?"

"हो."

तिने मान हलवली. मग वाकून काट्याखाली अडकलेला दगड काढला, तो सपाट केला आणि सोबेयदाला म्हणाली, "नाव पुकार."

उतारू उतरले नाहीत की नाव पुकारायची आमची पद्धत होती. सोबेयदाने दारातून कागद बघून पुकारलं, "नाहून गोफ. पुएर्तो लेम्पिरा."

काही वेळ काहीच झालं नाही. मग विमानाची शिडी वाजली. एकेक पायरी, वरून खाली, सावकाश, फार वेळ बसून पाय आखडलेल्या माणसासारखी. चाकांवरची ला गोर्दा किंचित वर उचलली गेली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि कॅप्टन बुस्तियोने खिडकीत छातीवर क्रूसाची खूण केली. तांबड्या मातीवर काही उमटलं नाही. पण गाई बाजूला झाल्या.

काट्याची पाटी दबली. काटा फिरला, थरथरला, थांबला.

आमचा तिथला माणूस तीस वर्षं आकडे ओरडत होता. या वेळी त्याने टोपी काढली आणि मग वाचलं. "अठ्ठावन्न."

"वाळलाय," दोन्या इस्मेल्दा म्हणाली. ती ओरडली नाही. हात वर करून, तिच्या डोक्याच्या बरंच वर, हवेत तिने काहीतरी नीट केलं. केस असावेत, किंवा कॉलर. मग माझ्याकडे वळली.

"लिही. उतरला."

सोबेयदाकडून कागद घेऊन मी बाराव्या ओळीपुढे लिहिलं: उतरला. तारीख, वेळ, सही. तिने कागद घेतला, एकेक अक्षर वाचलं आणि तिचं बोट आकड्यावर थांबलं.

"एकसष्ट लिहिलंयस."

"त्या दिवशी तेवढा भरला होता."

"मग तीन किलो कुठायत?"

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तिलाही सांगितली नव्हती आणि इथेही मघाशी गाळली. उतारूला आम्ही हातातल्या सामानासकट तोलायचो. नाहूनला खाली नेलं तेव्हा त्याचे हात पाठीमागे होते. बॅग चौदा नंबरच्या सीटखाली राहिली. संध्याकाळी विमान परतल्यावर ती मला सापडली. द्यायची कुणाला? दिली असती तर ती कुठून आली ते सांगावं लागलं असतं. मी ती घरी नेऊन कपाटावर ठेवली आणि एकदाही उघडली नाही. फळी वाकतेय अशी बायकोची सतरा वर्षं तक्रार आहे.

"माझ्याकडे आहेत," मी म्हणालो.

"आणून दे."

"दोन्या, हे शेवटचं विमान."

"ते तू बघ. तो अजून पुरता उतरलेला नाही."

कागद घडी करून तिने झग्यात ठेवला, पावाचं कापड सोडलं आणि अर्धा पाव मोडून शेजारी धरला. काट्याची पाटी वर आली, काटा शून्यावर गेला. मग ती घराकडे निघाली, उंच माणसाबरोबर चालताना चालतात तशी, मान जरा वर करून, मधेमधे थांबून. पाव तिच्या हातात होता तेव्हा मी पाहिला. वळणावर पाहिलं तेव्हा नव्हता.

परतीच्या वाटेवर तेगुसला ला गोर्दा इतकी हलकी उतरली की कॅप्टनने शिवी दिली. शुक्रवारी खरेदीदाराच्या माणसाने ती तोलली. कारखान्याच्या कागदाबरहुकूम भरली. वकील कास्तेयानोसने मला बोलावून पाठ थोपटली. "कसं काढलंत?"

"यादीत लिहिलं, वकीलसाहेब."

त्याला वाटलं मी गंमत करतोय. माझ्याबद्दल पहिल्यापासून तसाच समज आहे.

मोस्कितियाला रस्ता नाही, आणि आता विमानही नाही. मी बसने किनाऱ्यावरच्या ला सेइबाला आलो आणि धक्क्यावर मालबोटीत जागा मिळवली. दोन दिवसांचा प्रवास. बोटीच्या कारकुनाला मी सवयीने विचारलं, वजन कुठे करायचं.

"बोट आहे, लिस," तो म्हणाला. "इथे कुणाचं वजन करत नाहीत. जास्त झालं तर कळतंच."

"सामान तीन किलो आहे."

"तुमचं?"

"नाही."

त्याने लिहून घेतलं नाही. मी त्याला लिहायला लावलं, नावासकट. बॅग मांडीवर ठेवली आहे. पट्टा खांद्यावर घेतलेला नाही. बोट सुटली तेव्हा बॅगच्या आत काहीतरी हललं, पुस्तकं सरकतात तसं, आणि मग माझ्या पोटाला टेकून स्थिर झालं.